एका बाजूला ओढणारं सेसना: घरच्या सिम्युलेटरमधल्या एका बिघाडाचा माग

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका घरी फ्लाइट सिम्युलेटरमधलं, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या प्रोग्रॅममधलं, सेसना 172 हे एका इंजिनाचं छोटं विमान सारखं डावीकडे ओढत होतं. ऐकायला बिघाड मामुली आहे. पण त्याने त्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला अख्खा पावसाळा छळलं. त्याचा माग काढताना विमान मुळात का वळतं, पेडलमधला सेन्सर नक्की काय मोजतो आणि सॉफ्टवेअर या दोघांच्या मध्ये काय करतं, हे सगळंच उलगडून बघावं लागलं. घरी सिम्युलेटर लावलेल्या पुष्कळांना हा त्रास कधी ना कधी होतो, आणि बहुतेक जण मूळ कारण न शोधता तो झाकून टाकतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी मांडणी सांगतो. मध्यम ताकदीचा कॉम्प्युटर, त्यावर एक्स-प्लेन 12 हा सिम्युलेटर, टेबलावर विकतची जॉयस्टिक आणि टेबलाखाली घरी बनवलेली रडर पेडल. रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा वळणारा भाग; तो पायाने हलवून विमानाचं नाक डावीकडे-उजवीकडे नेतात. मुलाच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. तयार रडर पेडलची किंमत ऐकून त्यांनी सरळ लोखंडी अँगल कापले, दोन बेअरिंग बसवली, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा लावल्या आणि पंधरा हजाराची वस्तू भंगारातल्या मालात उभी केली. पेडल दाबली की मधला दांडा फिरतो. दांड्याच्या टोकाला एक छोटं लोहचुंबक चिकटवलेलं, आणि त्याच्यासमोर हॉल सेन्सर. हा सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजून त्या प्रमाणात व्होल्टेज देतो. ते व्होल्टेज आर्डुइनो नावाच्या एका छोट्या सर्किट बोर्डात जातं, तिथे त्याचा 0 ते 1023 मधला एक आकडा होतो आणि यूएसबीतून कॉम्प्युटरला मिळतो. घासणारा भाग कुठेच नसल्यामुळे सेन्सर झिजत नाही. जुन्या पद्धतीच्या, घासत फिरणाऱ्या पोटेन्शिओमीटरपेक्षा ही निवड चांगली, आणि पेडलचं काम तर बघत राहावं असं होतं.

मुलाने तक्रार सांगितली ती अशी: "काका, टेकऑफला डावीकडं जातंय, वर गेल्यावर पण जातंय. कॅलिब्रेट केलं की बरं होतंय, मग परत तेच. एकदा तर कॅलिब्रेट केल्यावर दुसऱ्या दिवशी उजवीकडं ओढायला लागलं."

कॅलिब्रेट करणं म्हणजे पेडलचा मध्य आणि दोन्ही टोकं कुठल्या आकड्यांवर आहेत हे सॉफ्टवेअरला नव्याने सांगणं. वडिलांचं निदान तयार होतं. "अलाइनमेंट गेलेल्या गाडीगत चाललंय."

मुलाने तोवर जमेल ते सगळं करून पाहिलं होतं. एक्स-प्लेन काढून पुन्हा टाकलं. यूएसबीचं पोर्ट बदललं. रडरला मोठा डेड झोन दिला, म्हणजे मधोमध काही अंतरापर्यंत पेडल हलली तरी सॉफ्टवेअरने दुर्लक्ष करावं अशी सोय केली. तेवढ्याने भागेना म्हणून एलेरॉनची (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांची) ट्रिम, म्हणजे कायमचा थोडा कल देणारी सोय, उजवीकडे वळवून ठेवली. यातल्या शेवटच्या दोन उपायांबद्दल मला ठाम बोलायचं आहे. डेड झोन आणि ट्रिमने असा बिघाड मिटवणं म्हणजे पेडलचा सगळ्यात कामाचा भाग कापून टाकणं. आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना रडर मधल्या बिंदूच्या आसपासच अगदी थोडं थोडं हलवावं लागतं. तिथेच पेडल मुकी झाली तर ती बनवायची कशाला? त्यामुळे पहिल्यांदा डेड झोन शून्यावर आणला, ट्रिम मधोमध केली, आणि बिघाड जसा आहे तसा उघडा केला.

यानंतर मी त्याला विचारलं की विमान नीट कधी चालत होतं. बिघाड कधी येतो हे सगळे सांगतात. तो कधी नसतो हे कुणी आपणहून सांगत नाही. त्याने दोन उत्तरं दिली. पेडल बसवण्याआधी, नुसत्या जॉयस्टिकवर, विमान कायम सरळ जायचं. आणि मध्ये गणपतीच्या दिवसांत काही दिवस ते एकदम नीट होतं. त्या सुमारास सॉफ्टवेअरचं एक अपडेट आलं होतं, त्यामुळे सुधारलं असावं असा त्याचा समज होता. पण पुढे पुन्हा ओढायला लागलं. ही दोन्ही उत्तरं मी कागदावर लिहून ठेवली.

पहिल्या उत्तराचा उलगडा सोपा होता. कुठल्याही उपकरणाला रडरचं काम नेमून दिलेलं नसेल, तर एक्स-प्लेन स्वतःच रडर सांभाळून घेतं आणि वळणं जुळवून देतं. रडरसाठी एखादं उपकरण नेमलं की ही मदत थांबते. म्हणजे पेडल बसवल्यापासून विमान डावीकडे जायला लागलं, यातला काही भाग बिघाड नव्हताच. खरं विमान जे करतं तेच त्याला पहिल्यांदा दिसत होतं.

सेसना 172 चा पंखा (नाकावरचा प्रोपेलर) पायलटच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं, तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून विमानाचा सांगाडा डावीकडे कलू पाहतो. पंख्यामागचा हवेचा झोत विमानाभोवती पिळत मागे जातो आणि शेपटीच्या उभ्या पंखाला डाव्या बाजूने धडकतो. शेपूट उजवीकडे ढकलली जाते, म्हणजे नाक डावीकडे. शिवाय नाक वर करून चढताना पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं हवेला जास्त कोनात कापतं आणि जास्त ओढतं, त्यामुळेही नाक डावीकडेच जातं. सगळे परिणाम एकाच दिशेचे. ताकद जास्त आणि वेग कमी असेल तेव्हा, म्हणजे टेकऑफ आणि चढाईत, ते सगळ्यात जास्त जाणवतात. खरा पायलट तिथे उजवं पेडल दाबून धरतो.

त्यात कोल्हापूरची भर. हा मुलगा नेहमी उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, उडायचा, आणि तेही सिम्युलेटरमध्ये त्या वेळचं खरं हवामान लावून. उजळाईवाडीची धावपट्टी 07-25 आहे, म्हणजे एक टोक साधारण पूर्व-ईशान्येला आणि दुसरं पश्चिम-नैर्ऋत्येला. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, तेव्हा 25 वरून उडायचं. वारा जरा नैर्ऋत्येकडे सरकला की तो पायलटच्या डाव्या हाताकडून लागतो. चाकं जमिनीवर असताना विमान वाऱ्याकडे तोंड वळवतं, कारण शेपटीचा उभा पंख वारा धरतो. म्हणजे डावीकडचा वारा पुन्हा नाक डावीकडेच नेणार.

इथे थांबून "हे सगळं नैसर्गिकच आहे, उजवं पेडल दाबायला शीक" असं सांगून मोकळं होता आलं असतं. अनेक जाणकार हेच सांगतात, आणि शंभरातल्या नव्वद तक्रारींना ते उत्तर लागूही पडत असेल. पण या मुलाच्या तक्रारीत दोन गोष्टी अशा होत्या ज्या पंख्याच्या गणितात बसत नव्हत्या. एकदा विमान उजवीकडे ओढलं होतं. आणि वर जाऊन सरळ उडतानाही ओढ राहत होती. पंख्याला मूड नसतो.

मग विमानालाच विचारायचं ठरवलं. हवामान स्वच्छ, वारा शून्य. इंधन दोन्ही टाक्यांत सारखं, आणि निवडीची कळ दोन्ही टाक्यांवर. हा इंधनाचा मुद्दा नेहमी तपासावा. सिम्युलेटरमधल्या या 172 च्या दोन्ही पंखांत मिळून 56 गॅलनच्या टाक्या असतात, प्रत्येक बाजूला 28. कळ चुकून एकाच टाकीवर राहिली तर तासाभरात एका पंखातलं आठ-नऊ गॅलन इंधन संपतं, म्हणजे वीस किलोंहून जास्त फरक पडतो, आणि विमान जड बाजूला कलायला लागतं. त्यामुळे नवा माणूस नेमका पेडलला किंवा जॉयस्टिकला दोष देतो.

उजळाईवाडीहून उडून साडेचार हजार फुटांवर गेलो आणि बेळगावकडे जाणारा महामार्ग डाव्या खिडकीत धरला. पेडलवरून पाय पूर्ण काढले. आता तीन अवस्थांत विमान काय करतं ते बघायचं होतं. पहिली, भरधाव सरळ उड्डाण, साधारण 120 नॉट (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल). दुसरी, पूर्ण ताकदीने 74 नॉटवर चढाई. तिसरी, इंजिन अगदी मंद करून 68 नॉटवर घसरण. तिन्ही वेळा नजर एकाच ठिकाणी: टर्न कोऑर्डिनेटर नावाच्या, वळण दाखवणाऱ्या उपकरणाच्या वाकड्या नळीतला काळा बॉल. विमान सरळ हवेत चालत असेल तर बॉल मधोमध राहतो. नाक डावीकडे ढकललं जात असेल तर बॉल उजवीकडे सरकतो.

यामागचा विचार असा. ओढ पंख्याची असेल तर ती चढाईत जोरात, भरधाव उड्डाणात जवळपास शून्य, आणि इंजिन मंद केल्यावर नाहीशी व्हायला हवी किंवा जराशी उलटी, उजवीकडे, व्हायला हवी. कारण 172 ची शेपूट आणि रडरवरची छोटी पट्टी ही सरळ उड्डाणासाठी जुळवलेली असते. याउलट रडरच थोडं वाकडं राहिलं असेल तर त्याला पंख्याशी देणंघेणं नाही. ते तिन्ही अवस्थांत नाक एकाच बाजूला ढकलणार, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे भरधाव वेगात तर जास्तच.

बॉल काय म्हणाला? भरधाव उड्डाणात स्पष्ट उजवीकडे. चढाईत आणखी उजवीकडे. इंजिन मंद केल्यावरही उजवीकडेच. म्हणजे चढाईत पंख्याची ओढ आणि दुसरी कुठली तरी ओढ यांची बेरीज होत होती, आणि बाकी दोन अवस्थांत ती दुसरी ओढ एकटी शिल्लक राहत होती.

आणखी एक चाचणी केली, ती मला फार उपयोगी वाटते. ऑटोपायलटला दिशा धरायला लावली. या विमानाच्या ऑटोपायलटच्या हातात रडर नसतं. तो एलेरॉनने कलून दिशा राखतो. पंखातल्या इंधनाचा किंवा एलेरॉनचा दोष असता तर ऑटोपायलटने थोडं एलेरॉन देऊन पंख सपाट ठेवले असते आणि बॉलही जवळपास मधोमध आला असता. इथे उजवा पंख जरासा खाली धरून विमान दिशा राखत होतं, आणि बॉल उजवीकडे पडलेलाच. हे रडरचंच लक्षण. जॉयस्टिक, एलेरॉन आणि इंधन या तिघांना तिथेच क्लीन चिट मिळाली.

आता विमानातून बाहेर, सॉफ्टवेअरकडे. एक्स-प्लेनच्या सेटिंगमध्ये डेटा आउटपुट नावाचं पान आहे. त्यात हव्या त्या ओळींवर खूण केली की उडताना ते आकडे पडद्यावर दिसत राहतात. बिघाड शोधायचं इतकं चांगलं साधन फुकट हाताशी असताना लोक ते उघडत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यातल्या तीन ओळी आम्ही लावल्या. एक, जॉयस्टिककडून आणि पेडलकडून काय आलं. दोन, कृत्रिम स्थिरतेने, म्हणजे विमान स्थिर ठेवायला सॉफ्टवेअर आपणहून देतं त्या मदतीने, त्यात काय मिसळलं. तीन, शेवटी विमानाच्या पृष्ठभागांपर्यंत, म्हणजे रडर-एलेरॉनसारख्या हलणाऱ्या भागांपर्यंत, काय पोचलं. पहिल्या ओळीत गडबड असेल तर दोष पेडलचा किंवा तिच्या जोडणीचा. पहिली शून्य आणि तिसरी वाकडी असेल तर दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा. दोन्ही शून्य असून विमान ओढत असेल, तर मग विमानाच्या मॉडेलकडे किंवा हवामानाकडे बघायचं.

पाय पेडलवर नव्हते. पहिल्या ओळीत रडरखाली उणे 0.13 दिसत होतं. दुसरी ओळ शून्य. तिसरीत पुन्हा तोच उणे 0.13. म्हणजे पेडल सॉफ्टवेअरला सांगत होती की मी तेरा टक्के डावीकडे दाबलेली आहे, आणि सॉफ्टवेअर इमानदारीने तेवढं रडर देत होतं. 172 चं रडर एका बाजूला साधारण 16 अंश वळतं. त्याचे तेरा टक्के म्हणजे दोन अंश. दोन अंश रडर कायम दिलेलं असेल तर कुठलंही सेसना वळेल.

शोध आता टेबलाखाली येऊन पोचला. मी आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर उघडला, म्हणजे विंडोजचं कॅलिब्रेशन आणि एक्स-प्लेनचं कॅलिब्रेशन दोन्ही बाजूला ठेवून सेन्सरचा कच्चा आकडा बघता येतो. पेडल पूर्ण डावीकडे दाबल्यावर 392, पूर्ण उजवीकडे 602, आणि सोडल्यावर 497. कॅलिब्रेशनमध्ये नोंदलेला मध्य मात्र 511 होता. चौदा आकड्यांचा फरक. एका बाजूची पूर्ण चाल 105 आकड्यांची. चौदा भागिले 105 म्हणजे 0.13. पडद्यावरचा आकडा आणि सेन्सरचा आकडा तंतोतंत जुळला. चाल दोन्ही बाजूंना सारखीच होती, सगळी पट्टीच चौदाने सरकली होती.

मग कच्चा आकडा बराच वेळ नुसता बघत बसलो. तो 497 वर स्थिर होता, फार तर एकाने इकडे-तिकडे. ही गोष्ट महत्त्वाची. सैल वायर, कोरडं सोल्डरिंग, झिजलेला पोटेन्शिओमीटर, अर्थिंगची गडबड, यातलं काहीही असतं तर आकडा थरथरला असता, उड्या मारल्या असत्या. थरथरणं आणि सरकणं हे दोन वेगळे आजार आहेत. इथे आकडा सरकून शांत बसला होता.

वडील एव्हाना खाली बसले होते. त्यांनी व्हर्नियर कॅलिपर आणला आणि पेडल दाबून सोडल्यावर ती कुठे येऊन थांबते ते मोजायला लागले. डावीकडून सोडली तरी, उजवीकडून सोडली तरी, दांडा अर्ध्या मिलिमीटरच्या आत त्याच जागी परत येत होता. "स्प्रिंगा बरोबर आहेत," ते म्हणाले, आणि त्या आवाजात कारागिराचा अभिमान होता. तो रास्तही होता. चुंबक दांड्यावर सरकलं असेल का? चिकटवताना त्यांनी मार्करने एक आडवी रेघ मारून ठेवली होती, चुंबकावरून दांड्यावर येणारी. रेघ अखंड होती. सेन्सरला मिळणारं व्होल्टेज मल्टिमीटरवर पाच व्होल्टच्या आसपास आलं. ते थोडं कमीजास्त झालं असतं तरी फारसं बिघडलं नसतं, कारण या जातीच्या सेन्सरचं उत्तर आणि आर्डुइनोचं माप दोन्ही त्याच पाच व्होल्टवर अवलंबून असतात आणि फरक एकमेकांत वजा होतो.

म्हणजे पेडल जागेवर, चुंबक जागेवर, वीज ठीक, आणि तरीही सेन्सर म्हणतोय की चुंबकीय क्षेत्र बदललंय. सेन्सर खोटं बोलत नसेल तर क्षेत्र खरंच बदललेलं असणार. मग ते दुसऱ्या कशाने तरी.

आम्ही लॅपटॉप आणि पेडल उचलून बाहेरच्या खोलीत नेली, फरशीवर ठेवली आणि आकडा पाहिला. 511. परत टेबलाखाली ठेवली. 497. पुन्हा बाहेर, पुन्हा 511. मुलगा माझ्याकडे बघायला लागला.

टेबलाखाली, पेडलच्या डाव्या अंगाला अगदी खेटून, होम थिएटरचा वूफर होता. इंजिनाची घरघर पायाला जाणवावी म्हणून त्याने तो तिथे ठेवला होता. वूफर मी हाताने जरा मागे ओढला आणि आकडा डोळ्यांदेखत चढायला लागला: 500, 504, 508. वीतभर लांब गेल्यावर 511 वर थांबला.

"पण काका, हा तर बंद आहे," मुलगा म्हणाला. बरोबर, प्लगसुद्धा काढलेला होता. पण स्पीकरमधलं चुंबक कायमचं असतं, त्याला वीज लागत नाही. वूफरच्या लाकडी खोक्याच्या आत, शंकूच्या मागे फेराइटची जाड चकती असते, आणि लाकूड चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. काचेच्या मोठ्या नळीचे टीव्ही आणि मॉनिटर होते त्या काळात कॉम्प्युटरसाठीच्या स्पीकरना चुंबकीय कवच देत असत, नाहीतर पडद्यावर रंगांचे डाग पडायचे. ते पडदे गेले आणि कवचाची गरजही बहुतेक ठिकाणी उरली नाही.

हिशेबही जुळतो. या प्रकारचा सामान्य हॉल सेन्सर एका गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) साधारण 1.4 मिलिव्होल्ट देतो. दहा बिटच्या, म्हणजे 0 ते 1023 च्या, मापात एक आकडा म्हणजे जवळपास 4.9 मिलिव्होल्ट. चौदा आकडे म्हणजे 68 मिलिव्होल्ट, म्हणजे पन्नासेक गॉस. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या घरातलं. तेवढ्याने या सेन्सरचा एक आकडाही हलत नाही. पण मोठ्या स्पीकरच्या चुंबकापासून काही सेंटिमीटरवर पन्नास गॉस मिळणं अवघड नाही. शिवाय चुंबकापासून लांब जाल तसं क्षेत्र अंतराच्या घनाने घटत जातं, म्हणजे अंतर दुप्पट केलं तर जोर आठव्या हिश्श्यावर. म्हणूनच वूफर वीतभर सरकवल्यावर परिणाम पूर्ण नाहीसा झाला, आणि म्हणूनच तो चार बोटं इकडे-तिकडे झाला तरी विमानाचं वागणं बदलायचं.

आता मुलाच्या तक्रारीतली प्रत्येक विचित्र गोष्ट जागेवर बसली. पेडलचं पहिलं कॅलिब्रेशन वूफर खोलीच्या दुसऱ्या बाजूला असताना झालं होतं, मध्य 511. मग वूफर टेबलाखाली आला आणि विमान डावीकडे ओढायला लागलं. वैतागून त्याने वूफर शेजारी असतानाच पुन्हा कॅलिब्रेट केलं, तेव्हा 497 हाच मध्य नोंदला गेला आणि विमान सरळ झालं. दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना वूफर बाजूला सरकला, आकडा 511 वर आला, आणि आता तोच चौदाचा फरक उजवीकडचा झाला. पुन्हा कॅलिब्रेशन, पुन्हा फरशी. हे चक्र बाहेरून पाहणाऱ्याला सॉफ्टवेअरचा लहरीपणाच वाटणार.

गणपतीचं कोडं त्याच्या आईने सोडवलं. दारात उभं राहून त्या ऐकत होत्या. "गणपतीत तो बॉक्स बाहेर हॉलमध्ये होता की. आरतीला लावायला नेला होता. गौरी-गणपती गेल्यावर मीच आत आणून ठेवायला लावला." अपडेटचा काही संबंध नव्हता. मी कागदावरच्या दुसऱ्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली.

वूफर समोरच्या भिंतीला नेऊन ठेवला की काम संपलं असतं. पण पेडलच्या रचनेतच एक कमकुवतपणा होता आणि तो राहू देणं मला पटेना. 0 ते 1023 एवढी पट्टी हाताशी असताना पेडलची पूर्ण चाल फक्त 210 आकड्यांत उरकत होती. संकेत इतका बारीक असला की बाहेरचा छोटासा धक्काही त्यात मोठा दिसतो. आज वूफर आहे, उद्या कुणी चुंबकाची पट्टी असलेलं मोबाईलचं कव्हर पेडलजवळ ठेवेल.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सेन्सरची बैठक नव्याने केली. एका चुंबकाऐवजी दोन, समोरासमोर, आणि सेन्सर त्यांच्या मधोमध. दांडा फिरला की सेन्सर एका चुंबकापासून दूर आणि दुसऱ्याच्या जवळ जातो. मध्यावर दोघांचा परिणाम एकमेकांना खोडतो, आणि चाल दोन्ही बाजूंना सारखी मिळते. चुंबकं जवळ आल्यामुळे पेडलची चाल आता साधारण 240 ते 780 अशी पसरली. तोच चौदा आकड्यांचा धक्का आता लागला तरी पाच टक्क्यांच्या आसपास राहील. वरून दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची टोपी बसवली. साधं लोखंड बाहेरचं चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वळवून नेतं आणि आतला भाग बराचसा वाचतो. मात्र टोपी पेडलच्या स्वतःच्या चुंबकांना फार जवळ आली तर त्यांचंच क्षेत्र खाऊन टाकते, म्हणून मध्ये मोकळी जागा ठेवावी लागते, आणि टोपी बसवल्यानंतरच कॅलिब्रेशन करायचं. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसच्या बहुतेक भांड्यांचा पत्रा या कामाला चालत नाही. पत्र्याला चुंबक चिकटतंय ना, एवढं बघून घ्यायचं.

कॅलिब्रेशनही जुनं पुसून नव्याने केलं: आधी विंडोजमधलं, मग एक्स-प्लेनमधलं. दोन ठिकाणी दोन वेगळे मध्य नोंदलेले राहिले तर ते एकमेकांवर चढतात आणि पुन्हा तोच घोळ नव्या रूपात येतो. डेड झोन शून्य ठेवला.

वूफर मुद्दाम जुन्या जागी ठेवून पाहिला. टोपीसकट आकडा दोनाने हलला. मग त्याला भिंतीशी पाठवून दिलं.

शेवटी तीच तीन अवस्थांची चाचणी, तेच हवामान, तीच उंची, पाय पेडलवरून काढलेले. 120 नॉटवर बॉल मधोमध. 74 नॉटच्या चढाईत बॉल उजवीकडे, म्हणजे नाक डावीकडे जातंय. इंजिन मंद करून 68 नॉटला आणल्यावर बॉल मधल्या रेषेच्या किंचित डावीकडे. पंख्याच्या गणिताने जे सांगितलं होतं, नेमकं तेच. ऑटोपायलटवर पंख सपाट, बॉल मध्ये.

धावपट्टी 25 वरून पूर्ण ताकद देताच नाक अजूनही डावीकडे जातं, आणि तो मुलगा आता तिथे उजवं पेडल दाबतो. त्याला मी उड्डाणाआधीच्या तपासणीत एक ओळ वाढवायला सांगितली आहे. खरे पायलट टेकऑफ करण्यापूर्वी हातातलं कंट्रोल आणि पेडल पूर्ण फिरवून पृष्ठभाग मोकळे आणि योग्य दिशेने हलतात का ते बघतात. याने त्याबरोबर पाय काढून डेटाच्या पहिल्या ओळीत रडर 0.00 आहे ना तेही बघायचं. 0.02 पर्यंत दुर्लक्ष, त्यापुढे गेलं तर आधी टेबलाखाली वाकून काय नवीन आलंय ते पाहायचं, मग कॅलिब्रेशनला हात लावायचा. पेडलच्या उजव्या बाजूची एक स्प्रिंग जरा नरम वाटते आहे. वडील तीच स्प्रिंग जाड तारेत वळवून घेणार आहेत, आणि ती बसवल्यावर 240 आणि 780 हे आकडे पुन्हा तपासायचे आहेत.